रीलमध्ये न दिसणारा मुलगा

प्रिय ताई,

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाऊस सुरू झाला की दर शनिवारी तो आणि त्याचे चार मित्र गाड्या काढून ठोसेघर, कास, सडावाघापूर असं कुठंतरी जातात. इन्स्टाग्रामवर त्यांचं पेज आहे, अकरा हजार फॉलोअर्स आहेत. मागच्या आठवड्यात एक रील आली. त्याचा मित्र कड्याच्या टोकाला पाय खाली सोडून बसलाय, मागं नुसतं धुकं. मी नीट न बघताच भावकीच्या ग्रुपवर टाकली, 'आमच्या लेकाने काढलीय' म्हणून. रात्री ह्यांनी बघितली आणि घरात भडका उडाला. ह्यांनी फोन हिसकावला, झटापटीत तो फरशीवर पडला, स्क्रीन गेली. तेव्हापासून मुलगा बापाशी बोलत नाही. त्याचं एकच म्हणणं, 'मी कुठं कड्यावर बसलो होतो? मी तर फक्त शूट करत होतो.' ह्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलंय की याला 'सेल्फायटिस' नावाचा मानसिक आजार म्हणतात. आता नवा फोन घेताना त्यात मुलाला न सांगता माग काढणारं अ‍ॅप टाकायचं ह्यांच्या मनात आहे. रोज एखाद्या अपघाताचा व्हिडिओही त्याला पाठवतात. तो बघतसुद्धा नाही. मी काय करू? एकदा त्यांच्याबरोबर मीच जाऊन येऊ का?

— एक आई

ताई,

तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य तुमच्या मुलाचं आहे: 'मी तर फक्त शूट करत होतो.' तो थापा मारत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतं. आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

ती रील पुन्हा एकदा लावा, आवाज बंद करून. मित्राकडे बघू नका. त्याचे खाली सोडलेले पाय आणि त्यापलीकडची दरी एकाच चौकटीत यायची असेल तर कॅमेरा कुठं लागेल याचा विचार करा. पाठीमागून काढलं तर नुसती पाठ दिसते. पाय दिसायला कॅमेरा बाजूला, जवळजवळ कड्याच्या रेषेत यावा लागतो. म्हणजे तुमचा मुलगाही त्याच कड्यावर होता, दोन-चार हात बाजूला. मित्र निदान बसला होता. हा उभा होता, हात लांब करून, नजर स्क्रीनवर ठेवून. फ्रेम बसत नसेल तर आणखी अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे. त्या अर्ध्या पावलाकडे बघायला त्याचे डोळे मोकळे नव्हते.

अशा रीलमध्ये जो दिसतो त्याच्याबद्दल सगळे बोलतात. जो दिसत नाही तो सुटतो. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सुलीभंजनला तेवीस वर्षांची एक मुलगी गाडी चालवायला बसली आणि तिचा मित्र बाहेरून शूट करत राहिला. गाडी रिव्हर्समध्ये मागं जात राहिली ती थेट दरीत. त्याच महिन्यात पुण्यात जांभुळवाडीजवळ एका पडक्या इमारतीच्या गच्चीवरून एक मुलगी फक्त एका तरुणाचा हात धरून खाली लोंबकळली. सुदैवाने वाचली. पुढं पोलिसांनी गुन्हा नोंदवला. नागपूरजवळच्या वेणा धरणात जुलै २०१७ मध्ये तरुणांची बोट बुडाली, त्याच्या थोडंच आधी बोटीवरून फेसबुक लाइव्ह चाललं होतं. या प्रत्येक ठिकाणी मोबाईल कुणाच्या तरी हातात होता, आणि ज्याच्या हातात होता त्याला आपण प्रेक्षक आहोत असं वाटत असावं.

माझ्या अनुभवात सेल्फीच्या वेडाबद्दल आईबाप बोलायला येतात तेव्हा 'स्वतःवरच भाळलेली पोरं' हा सूर असतो. मुलींना तर ते उठताबसता ऐकावं लागतं. पण बातम्यांवरून झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, त्यातलं चित्र वेगळं आहे. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात सेल्फी काढताना २५९ माणसं गेल्याचं त्यात मोजलं आहे. सर्वांत जास्त आपल्या देशात. मेलेल्यांत दर चौघांत जवळजवळ तिघं पुरुष, आणि सरासरी वय तेवीसच्या आसपास. कारणांत पहिलं बुडणं, मग वाहनं आणि रेल्वे, मग पडणं. ही फक्त बातम्यांत आलेली माणसं आहेत, हे लक्षात घ्या. मुली आरशासमोर पंचवीस फोटो काढतात म्हणून त्यांना नावं ठेवणारे आपण, कड्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना मात्र 'डेअरिंग आहे' म्हणतो.

आता तुमच्या भागाबद्दल, कारण तिथली जमीन समजल्याशिवाय मुलाशी बोलून उपयोग नाही. कास, सडावाघापूर ही जांभ्याच्या सड्यांची ठिकाणं. वरून सपाट, मैदानासारखी, आणि मग एकदम संपणारी. हाच त्यांचा फसवा भाग आहे. डोंगर चढताना पाय सावध असतात, सपाटीवर ते मोकळे होतात. पावसाळ्यात सड्यावर शेवाळाचा पातळ थर बसतो, तो हिरवा दिसतोच असं नाही, काळ्या ओल्या दगडासारखाच दिसतो. काठाला गवत वाढतं आणि खडकाच्या पुढे झुकतं, त्यामुळे जमीन असते त्याहून हातभर पुढं आहे असं वाटतं. सडावाघापूरला तर उलटा धबधबा बघायचा म्हणजे काठालाच जावं लागतं, आणि पाणी वर उडवणारा तोच वारा माणसालाही ढकलतो. तो एकसारखा वाहत नाही, झटक्यांनी येतो. वाऱ्याकडे कललेला माणूस वारा अचानक थांबला की तोल सावरायला पुढं पाऊल टाकतो.

याच भागात, बोरणे घाटात, ऑगस्ट २०२४ मध्ये सेल्फी घेताना एक तरुणी घसरून खाली गेली होती. होमगार्ड आणि गावकऱ्यांनी दोर सोडून तिला वर काढलं. त्या सुटकेचा व्हिडिओ तुमच्या मुलाने नक्की बघितला असेल. सगळ्यांनी बघितला. त्याआधी जुलैमध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना पडलेली मुलगी मात्र वाचली नाही. बचाव पथकांनी कित्येक तास खपून तिला दरीतून वर आणलं होतं.

हे सगळं मी तुम्हाला सांगतेय, मुलाला पाठवायला नव्हे. यजमानांना म्हणावं, ते अपघाताचे व्हिडिओ पाठवणं आजपासून बंद. एक तर ती कुणाची तरी पोरं आहेत. दुसरं म्हणजे रोज मरण बघून भीती वाढत नाही, बोथट होते. तिसरं, प्रत्येक व्हिडिओ बघताना एकोणीस वर्षांचा मुलगा मनात एकच म्हणतो, 'हा येडा होता, आपण नाही.'

सेल्फायटिसचं त्या मानाने लवकर आटपते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार जाहीर केला ही २०१४ मधली बनावट बातमी होती, एका थट्टेखोर संकेतस्थळाने सोडलेली. पुढं मदुराई आणि इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या दोन संशोधकांनी तोच शब्द उचलून विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली, तेवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेम खेळण्याचं व्यसन आहे, सेल्फीचं नाही. तुमच्या मुलाच्या कपाळावर आजाराची चिठ्ठी चिकटवू नका. मात्र झोप उडालेली असेल, व्ह्यूज कमी आले म्हणून दिवस दिवस कुणाशी बोलत नसेल, कॉलेज सुटलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पत्रावरून तरी तुमच्या घरात तसं काही दिसत नाही. तुमच्या घरी दिसतंय ते रुसलेलं पोरगं आणि फुटलेली स्क्रीन.

आता गुपचूप अ‍ॅप टाकण्याबद्दल. नको. मुलगा सज्ञान आहे, फोन त्याचा आहे, आणि महिन्याभरात त्याला कळेल. मग तो फोन घरी ठेवून जाईल किंवा मित्राचा वापरेल, आणि हाक मारायची वेळ आली तर तुमच्याकडे नंबरही नसेल. शिवाय असं अ‍ॅप तुम्हाला काय दाखवणार? तो सडावाघापूरला आहे एवढंच. काठापासून दहा फुटांवर आहे की एका, हे नकाशावरच्या निळ्या ठिपक्यात कळत नाही. मोबाईलचा गैरवापर म्हणून आपण मुलांकडे बोट दाखवतो, पण न सांगता दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं याला दुसरं काय म्हणायचं? त्यापेक्षा उघड मागा: कुठं जाणार, कोण कोण, अंधार पडायच्या आत परत, आणि जाताना लोकेशन तू स्वतः आईला शेअर कर. मागून मिळालं तर तेच लोकेशन जास्त दिवस टिकतं.

मुलाशी बोलायचं ते तुम्हीच बोला, आणि वडिलांच्या वतीने नको. समजावायला बसलात तर तो उठून जाईल. त्याऐवजी त्याला म्हणा, 'त्या दिवशी काढलेलं सगळं दाखव.' रील वीस-तीस सेकंदांची असते, पण त्यासाठी पोरं पंचवीस-तीस क्लिप काढतात. त्या बघा. 'परत घे', 'अजून थोडं पुढं सरक', 'ए, गॉगल लाव' हे आवाज त्यात असतील. आईबरोबर बसून ते ऐकताना त्याला आपोआप कळेल की मित्राला पुढं कोण सरकवत होतं. तुम्ही एकच विचारा: 'तू तेव्हा कुठं उभा होतास? तुझे पाय कुठं होते?' आणि गप्प बसा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

बरं, मित्र नुसता मित्राच्या शब्दावर पुढं सरकला असंही नाही. पेज उघडून व्ह्यूज बघा, जमलं तर मुलाबरोबरच. साध्या हिरव्या डोंगराच्या रीलला किती आणि कड्यावरच्या रीलला किती. बहुधा मोठा फरक दिसेल. अ‍ॅपला कड्याशी देणंघेणं नाही. लोक कुठं थांबून बघतात तेवढं ते मोजतं, आणि काळजात धस्स झालं की माणूस थांबतोच. मग तेच आणखी लोकांना दाखवलं जातं, आणि पोरांना न सांगता शिकवण मिळते की पुढच्या वेळी आणखी टोकाला. अर्थात आकडा कधी उसळतो, कधी पडतो, आणि कधी उसळेल ते माहीत नसतं म्हणूनच पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

या आकड्यात एक तुमचाही होता, ताई. मी दोष देत नाहीये. लेकाचं कौतुक कुठल्या आईला नसतं? पण भावकीच्या ग्रुपवर ती रील गेली तेव्हा काकांनी अंगठा दाखवला असेल, आत्यांनी बदाम टाकला असेल, कुणी 'एक नंबर' लिहिलं असेल. त्याच रात्री त्याच रीलवरून बापाने फोन हिसकावला. दुपारी शाबासकी आणि रात्री शिक्षा, एकाच गोष्टीबद्दल. त्याने काय समजायचं? ग्रुपवर तुम्हीच दोन ओळी लिहा: 'त्या दिवशी मी नीट न बघता टाकली. जागा धोक्याची होती, कुणी पुढं पाठवू नका.' आणि हे मुलाला आधी सांगून लिहा, म्हणजे चार लोकांत त्याची इज्जत गेली असं त्याला वाटणार नाही.

खरा मुद्दा आता. तुमचा मुलगा त्या टोळीचा कॅमेरामन आहे, म्हणजे त्याच्या हातात सगळ्यात जास्त ताकद आहे. तो शूट करायला नाही म्हणाला तर कड्यावर बसायला कुणी जाणार नाही. कशाला जाईल? कुणी बघायलाच नाही. 'मी इथून शूट करणार नाही, तू मागं ये, मग करतो' एवढं वाक्य त्याने मित्रांना म्हणायचं. घरून बंदी आहे असं सांगितलं तर पोरं चिडवतील. पण फ्रेम चांगली येत नाही असं म्हटलं तर ऐकतील, कारण त्या टोळीत फ्रेमबद्दल शेवटचा शब्द त्याचाच.

आणि चांगला शूट करणारा असेल तर त्याला एक गोष्ट करून बघायला सांगा. सड्यावर आत, काठापासून लांब, एखादा गुडघाभर उंच खडक शोधायचा. मित्राला त्यावर बसवायचं. कॅमेरा जमिनीला टेकवून खालून वर धरायचा, म्हणजे खडकामागची जमीन लपते आणि मागं फक्त धुकं उरतं. हुबेहूब कडा वाटतो. नाटक-सिनेमातली ही जुनी युक्ती आहे. फक्त रीलखाली 'अँगलची कमाल, कडा नाही' असं लिहायला लावा, नाहीतर दुसऱ्या गावचा कुणी पोरगा खऱ्या कड्यावर जाऊन तेच करेल. बाकी नियम डोंगरात फिरणारे सगळे जाणतात: चालायचं तेव्हा शूट नाही, शूट करायचं तेव्हा पाय जागचे हलवायचे नाहीत. काठ बघायचाच असेल तर पालथं पडून. दरीकडे पाठ कधीच नाही. गाडी चालवताना फोन खिशात, मागं बसलेल्यानेही उभं राहून काही काढायचं नाही.

पाण्याचं वेगळं सांगते. डोहात उतरायचं नाही, प्रवाहाच्या मधल्या खडकावर फोटोसाठी जायचं नाही. पाऊस तुम्ही उभे आहात तिथं पडायला लागतो असं नाही, वर डोंगरात पडला तरी पाणी काही मिनिटांत वाढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली, त्यांनी काही धाडस केलं नव्हतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा येऊ लागला, आवाज बदलला की जागा सोडायची, राहिलेला फोटो राहू द्यायचा. आणि कुणी पडलंच तर मागोमाग उडी नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी घेताना पाण्यात पडलेल्या मुलींना वाचवायला उडी टाकलेला एक भला माणूसही बुडाला. त्यानंतरच मुंबई पोलिसांनी शहरात सेल्फीला मनाई असलेल्या जागा ठरवल्या. पडलेल्याला दोर, ओढणी, लांब काठी द्यायची, ११२ लावायचा, जवळच्या गावात माणूस पळवायचा.

कायद्याचं मी शेवटी ठेवलं, कारण त्याची भीती पहिल्यांदा घातली तर बाकीचं ऐकलंच जात नाही. पावसाळ्यात अनेक जिल्ह्यांत धबधबे आणि धोकादायक पॉइंटवर जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाईचे आदेश काढतं. ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो, आणि बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला म्हणून १२५ आहेच. तुमच्या भागातली निम्मी पोरं पोलीस नाहीतर सैन्याच्या भरतीची तयारी करतात. या पाचांतही एखादा असेल. चारित्र्य पडताळणीच्या वेळी नोंदलेला गुन्हा आडवा येऊ शकतो, आणि पुरावा म्हणून रील त्यांच्याच पेजवर असते. हे मुलाने त्या मित्राला सांगू दे. तुम्ही नका सांगू.

उरलं तुमचं शेवटचं विचारणं, बरोबर जाऊ का. त्या टोळीबरोबर जाऊ नका, त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, गर्दी नसताना, त्यालाच म्हणा मला ठोसेघर दाखव. तिथं धबधबा बघायला बांधीव गॅलरी आहे. त्याला तुमचे फोटो काढू द्या, हवे तेवढे. तो कुठं उभा राहतो, मागं बघतो का, तुम्हाला कुठं उभं करतो, ते तुम्हाला दिसेल आणि काही सांगायचं तर तिथंच सांगता येईल.

पण त्याआधी फोन दुरुस्त व्हायला हवा. स्क्रीनचे पैसे वडिलांनी द्यावेत, मुलाच्या खर्चातून कापू नयेत, आणि दुकानात दोघांनी मिळून जावं.